तुरतुरबाईंची रजा

तेवीस वर्षं प्रसूती विभागात काम करूनही तुरतुरबाईंनी एकसुद्धा सरळ बाळंतपण पाहिलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. पण त्यांचं कामच तसं होतं.

प्रसूतीच्या खोलीबाहेर भिंतीला लागून एक लोखंडी स्टूल असायचं, त्यावर त्या बसायच्या. आतून घंटा एकदा वाजली की सफाईवाली आत जायची. दोनदा वाजली की तुरतुरबाई. दोन घंटा म्हणजे रक्त हवंय. आत जायचं, डॉक्टरांच्या हातातली चिठ्ठी घ्यायची, निळी थंडपेटी उचलायची आणि मागच्या इमारतीच्या तळघरातल्या रक्तपेढीकडे सुटायचं. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर अर्धा तास कुठे गेला नाही. या बाई पंधरा मिनिटांत दारात हजर. अंगकाठी किरकोळ, पावलं बारीक, सदा तुरतुर चालणं, म्हणून ते नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

शंभरातल्या पंचाण्णव तरी बायका नीट बाळंत होऊन पोर घेऊन घरी जातात. त्यांचं बाईंना फक्त ओरडणं ऐकू यायचं, तेही बंद दाराआडून. दार उघडायचं ते उरलेल्या चार-पाच जणींसाठी. त्यामुळे बाईंच्या डोक्यात बाळंतपण पक्कं बसलं होतं ते असं: बाई ओरडते, घंटा वाजते, लादी लाल होते. आगीच्या बंबावरच्या माणसाला चुलीबद्दल मत विचारावं, तसला प्रकार.

मी त्याच विभागातली सिस्टर. माझं तोंड फटकळ आहे, हे मला नव्यानं सांगायची गरज नाही. दर बुधवारी दुपारी मी दिवस भरत आलेल्या बायकांचा वर्ग घेते. माझ्याकडे पुठ्ठ्याची एक पाटी आहे, तिला लहानापासून मोठी अशी दहा भोकं पाडली आहेत. पहिलं शर्टाच्या बटणाएवढं, शेवटचं बशीएवढं. गर्भाशयाचं तोंड असं उघडत जातं, असं मी दाखवते. पहिला टप्पा हाच, आणि सगळ्यात लांबलचक. सुरुवातीला कळा लांब लांब येतात, तेव्हा घरात चाला, आंघोळ करा, थोडं खा. मग कळा जवळ येतात, बोलणं सुचत नाही. बशी व्हायच्या आधी अंग थडथडतं, उलटी होते, बाई म्हणते मला नाही जमणार. ते ऐकलं की समजायचं, आता घोडामैदान जवळ आलं. दुसऱ्या टप्प्यात जोर देऊन बाळ बाहेर. तिसऱ्यात वार पडते. आणि या सगळ्यात शेजारी आपलं माणूस हवं. ते माणूस दुसरं काही करत नसलं तरी चालेल, त्यानं नुसतं तिथं असावं.

तुरतुरबाईंची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. तिला आठवा लागला आणि ती वर्गाला यायला लागली. जावई मालवाहू जहाजावर, त्याची रजा नेमकी बाळंतपणाच्या आठवड्यापासून. तोवर लेकीबरोबर आईच यायची. आमच्याकडे नुकताच नियम झाला होता की प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक बाई थांबू शकते. सासू अंथरुणाला खिळलेली. तेव्हा सोबत कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो सोबतीणबाईंचा.

पहिल्याच बुधवारी त्या मागच्या बाकावर बसल्या, नजर दारावर. मी बटण आणि बशी समजावत होते. मध्येच यांनी विचारलं, "सिस्टर, किती रक्त गेलं म्हणजे बाई वाचत नाही?"

बाकावरच्या सात पोटुशा बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. एक तर रडायलाच लागली. मी बाईंना हाताला धरून बाहेर काढलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला दुसरं काही माहीतच नाही हो."

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी दोन घंटा झाल्या, त्या आत गेल्या, चिठ्ठी घेतली. पलंगावरच्या बाईनं यांच्या एप्रनचा कोपरा धरला आणि म्हणाली, थांबा ना जरा. यांनी कोपरा सोडवून घेतला. कामच होतं ते. चौदा मिनिटांत रक्त घेऊन आल्या तर पलंगावर चादर तोंडापर्यंत ओढलेली. "तेव्हापासून सिस्टर," त्या म्हणाल्या, "पेटी घेऊन आले की दार ढकलायला हात उचलत नाही माझा. दरवेळी. आता माझीच पोर त्या दाराआड जायची आहे."  

लेक मात्र आईची पोर शोभत नव्हती. शांत, जरा हट्टी. तिनं आईला सरळ सांगितलं, "आई, तू घाबर, माझी हरकत नाही. पण घाबरून पळू नकोस. काहीही झालं तरी माझा हात सोडायचा नाही. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी एकटी जाईन."

एकटी म्हटल्यावर बाई निमूट शिकायला बसल्या. घरी मायलेकी मुठीत बर्फाचा खडा धरून मिनिटभर श्वास सोडायचा सराव करत. लेकीला जमायचं, आई वीस सेकंदांत खडा टाकायची. कळ आली की कंबर कुठे दाबायची, पाण्याचा घोट कधी द्यायचा, काय बोलायचं नाही, हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. वर्गात मी त्यांना मुद्दाम लेकीचा हात धरून बसवायचे. हात जागेवर असायचे, पण बाकाखाली पाय हलत राहायचे. पायाला भिंगरी लागलेल्या बाईला बसायला शिकवणं म्हणजे काय, ते मला विचारा.

कळा लागतील त्या दिवसापासून म्हणून त्यांनी रजेचा अर्ज दिला. तेवीस वर्षांतली पहिली रजा. कारकुनाला कोरा अर्ज शोधायला कपाट उपसावं लागलं. शिफारशीची सही मी केली.

कळा सुरू झाल्या त्या तारखेच्या बारा दिवस आधी, सकाळी न्याहारीच्या वेळी. जावई अजून समुद्रात. बाईंना त्याच पावली रुग्णालय गाठायचं होतं. लेकीनं ऐकलं नाही. ती घरात चालली, आंघोळ केली, दोन घास खाल्ले, कळांची वेळ दुकानाच्या जुन्या पावतीच्या मागे लिहीत गेली. दुपारी बाराला दोघी आल्या तेव्हा लेक चालत आली, आणि आईलाच धरून आणावं की काय अशी दशा. मी तपासलं. पाटीवरचं चौथं भोक. सगळं जिथल्या तिथं.

तासाभरानं कापडावर रक्ताळ चिकट डाग दिसला. हे होतंच. तोंड उघडतंय, एवढाच त्याचा अर्थ, वर्गात मी दहादा सांगितलेलं. मी मागे वळून बघते तर पलंगाशेजारची खुर्ची रिकामी. बाई निळी पेटी उचलून व्हरांड्यात पोचलेल्यासुद्धा. चिठ्ठी नाही, काही नाही. मी दारातून हाक मारली तेव्हा भानावर आल्या.

तेवढ्यात एक कळ येऊन गेली होती. ती लेकीनं एकटीनं सोसली. आई परत आली तेव्हा ती तिच्याकडे न बघता म्हणाली, "आता गेलीस तर बाहेरच थांब."

बाई खुर्चीवर बसल्या. लेकीचा हात दोन्ही हातांत घेतला. एकदा मी पाहिलं, त्यांनी आपले दोन्ही पाय खुर्चीच्या पायांमागे अडकवून ठेवले होते.

चारच्या सुमाराला लेकीचं अंग थडथडायला लागलं. दात वाजत होते. उलटी झाली. "आई, मला नाही जमणार, घरी चल," ती म्हणाली. बाईंनी आजवर थडथडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या त्या रक्त गेलेल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे बघून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "हे तेच ना? बशीच्या आधीचं?"

"तेच," मी म्हटलं.

त्या लेकीच्या कानाशी वाकल्या. "झालंच हं. आता झालंच. मी आहे." आवाज कापत होता, पण शब्द बरोबर होते.

पुढच्या पाऊण तासात मुलगी झाली. लगेच रडली. मी तिला पुसून गुंडाळलं. बाईंनी नातीकडे एकदाच पाहिलं आणि नजर परत लेकीकडे. मला वाटलं, जिंकलो. वार पडली. आणि मग रक्त थांबेना.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. गर्भाशय आवळून दगडासारखं कडक व्हायला हवं, ते मऊच होतं. त्या जोरजोरात पोट चोळायला लागल्या. धाकटी नर्स इंजेक्शन देऊन सलाईनची दुसरी बाटली लावायला धावली. मी बाळाला उबेच्या पाळण्यात ठेवलं आणि घंटेचं बटण दोनदा दाबलं.

घंटा दोनदा वाजली आणि बाहेरून कोणीच आलं नाही.

मी पुन्हा दाबली. मग मला कळलं. स्टुलावरची बाई रजेवर होती. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली होती. अर्जावर बदलीला कोण हे लिहायचा एक रकाना असतो, तो मी रिकामा सोडला होता. तेवीस वर्षं ती जागा कधी रिकामी राहिलीच नव्हती, तर ती भरायची असते हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं. इतरांना शिकवणारी शहाणी ती मी.

लादीवर थेंब पडायला लागले होते. डॉक्टरांनी एका हातानं चिठ्ठी खरडली. मी ती घेतली आणि बाईंच्या पुढे धरली. "बाई, जा," मी म्हटलं. इतके दिवस जिला बस बस म्हणून छळलं, तिला मीच म्हटलं.

त्या अर्ध्या उठल्या.  लेकीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती आईकडे बघत होती. नुसती बघत होती.

बाई परत खाली बसल्या.

"नाही जात. तुम्ही जा, सिस्टर," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीवर वेळ घाला, नाहीतर खिडकीवरचा परत पाठवतो. लिफ्टची वाट बघू नका. उतारावरून जा, धोबीखान्याचं मागचं दार ढकललं की उघडतं, तिथून तळघर जवळ. हिच्या रक्ताचा नमुना दुपारीच गेलाय, दोन पिशव्या तयार असतील. पेटी आडवी धरू नका." हे सगळं त्या लेकीच्या चेहऱ्यावरची नजर न काढता सांगत होत्या.

सत्तावन्न वर्षांची मी, गुडघे कामातून गेलेले, पेटी घेऊन पळाले. उतारावर एकदा घसरले. धोबीखान्यातल्या वाफेतून कपड्यांच्या गाड्या चुकवत गेले. खिडकीवरच्या माणसानं घड्याळ बघितलं, चिठ्ठीवरची वेळ बघितली आणि मान हलवून आत गेला. तो परत येईपर्यंत त्या खिडकीशी उभं राहून मी काय काय मनात आणलं ते देवाला माहीत. त्याला जेमतेम तीन मिनिटं लागली असतील. मला दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

येताना पेटी जड झाली होती. छातीत भाता चालावा तसा श्वास. व्हरांड्यातून ते बंद दार दिसलं आणि माझी पावलं आपोआप मंदावली. आतून काहीच आवाज येत नव्हता. ना डॉक्टरांचा, ना बाळाचा. हात दारावर ठेवला आणि तो ढकलेना. त्या दाराच्या आतल्या बाजूला माझी तीस वर्षं गेली होती, पण असं बाहेर, पेटी घेऊन, मी कधी उभी राहिले नव्हते. मला रडू आलं. मग खांद्यानंच दार ढकललं.

डॉक्टर पोटावर हात ठेवून उभ्या होत्या, पण चोळत नव्हत्या. "आवळलं," त्या म्हणाल्या. "थांबत आलंय. पण एक पिशवी लावूच." धाकटी नर्स पेटीकडे धावली.

लेक डोळे उघडे ठेवून पडली होती. थकलेली, पांढरी, पण बघणारी. तिचा हात आईच्या हातात होता. बाईंच्या मनगटावर नखं रुतून रक्ताचे चार थेंब आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नव्हते.

मी उंबऱ्यात धापा टाकत तशीच उभी होते. बाईंनी मान वळवली नाही.

"सिस्टर, दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "पोरीला वारं लागतंय."