हलणारी कड

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीपर्यंतच शिकले, आणि आता वहीतली ओळ कुठे संपते तेही नीट दिसत नाही.

पेणच्या कारखान्यात मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मालकांकडून हंगामाची उचल घेतली होती, ती औषधांत गेली. त्याच हंगामात एका मूर्तीचा डोळा माझ्या हातून कानाकडे गेला. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गो, देवाला चकणा करतेस? माझी उचल फेड नि घरी बस."

पूर्ण अंधार होण्याआधी फेडायचं, दुसरं काही सुचत नव्हतं. रोह्याला नदीकाठी मुंबईच्या एक चित्रकार बाई राहायला आल्यात. त्यांच्याकडे झाडूपोछा धरला. डोळ्यांचं त्यांना सांगितलं नाही. पेणहून रोज जायचे, गाडीतून उतरताना पायरी पायानं चाचपायचे.

त्यांच्या मागच्या खोलीत एकच चित्र, भिंतीएवढं. वर तांबडं, खाली काळपट जांभळं. माणूस नाही, झाड नाही. त्या खोलीत पंखासुद्धा नाही, आवाज म्हणून नाही. एकदा फरशी पुसताना हळूच विचारलं, "ह्यात काय काढलंय?"

"काहीच नाही. बस जरा. बघ."

बसले. थोड्या वेळानं दोन रंग भेटतात तिथली कड हलायला लागली. वाटलं, नजर आजच चालली, आणि अर्धे पैसे अजून द्यायचेत. भिंतीला धरून उठले.

"बाई, ती कड हलतेय का? की माझेच डोळे?"

"मलाही हलते गं. मी तशीच रंगवलीय."

आखणीत कड हलली की मूर्ती बाद, आणि इथं ती मुद्दाम हलती ठेवलेली. मी तिथंच खाली बसून रडले.

त्यानंतर काम झालं की रोज बसायचे. बरं वाटायचं असं नाही. मला दिसणारं तांबडं कडेकडेनं आक्रसत चाललं होतं. आता उजवीकडचं तर दिसतच नाही. आधी पैसे फिटतात की आधी तांबडं संपतं, एवढंच बघत बसायचे.

परवा मालकांना शेवटचे पैसे दिले. नोटा बोटांनी ओळखून दिल्या. त्यांनी मोजल्या नि म्हणाले, "फिटले गो सगळे."