काळूचा विमा

मित्रांनो, आज सकाळी शेजारच्या गोठ्यात गाईंचा विमा काढणारा एजंट आला होता. परवा माझा कुत्रा काळू आजारी पडला, तेव्हापासून मी धास्तावलेलो आहे. म्हणून विचारलं, "कुत्र्याचा विमा निघतो का? हप्ता किती पडेल?"

तो हसला. "दूध देते काय गा तो? मेला तर दुसरा आणजो. त्यापेक्षा तू आपलाच विमा काढ. वारस म्हणून कोणाचं नाव टाकू?"

मी काळूकडे पाहिलं. धंतोलीतल्या या खोलीत आम्ही दोघंच राहतो.

काळू गेला तर ते पैसे घेऊन मी काय करणार? त्याचा विमा नकोच. पण मलाच काही झालं, तर तुमच्यापैकी कोणी त्याला भाकर घालायला धंतोलीत येईल का?