काचेच्या दाराबाहेरच्या चपला

ज्या कंपनीची गाडी मी स्वतः जन्मात घेऊ शकणार नव्हतो, तिच्यासाठी विदर्भात डीलर शोधणं हे माझं काम होतं. कंपनी नवी, गाड्या भलत्या महाग. नागपूरला डीलर मिळाला. वर्ध्यासाठी मात्र कोणी पुढे येईना. तेव्हा साहेबांनी विचारलं, "तुम्ही तिकडचेच ना?" आणि मी वर्ध्याजवळच्या आंजीचा माणूस लगेच फुगलो.

वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेत रस्त्याला लागून काकांची ट्रॅक्टरची एजन्सी होती. काका म्हणजे वडिलांचे दोस्त. आमच्या घरचा पहिला ट्रॅक्टर त्यांच्याकडचाच. कोणत्या घरी लग्न निघालंय, कोणी नवी विहीर खणली, कोणते भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं त्यांना ठाऊक असे आणि धंदा त्यावरच चाले. ट्रॅक्टर नेणाऱ्याच्या घरी ते स्वतः जाऊन जेवून येत. हा माणूस आमच्या गाड्या सहज विकेल, असं मी साहेबांना पटवलं. काकांना पटवायला तर एक चहा पुरला.

अट एकच होती. त्या जागेत दुसरी एजन्सी चालणार नव्हती. नेमणुकीचं पत्र मात्र कंपनीनं जागेची पाहणी केल्यावर मिळणार होतं. काका त्यासाठी थांबलेच नाहीत. त्यांनी ट्रॅक्टरची एजन्सी सोडली, टिनाचं शेड पाडलं, काचा लावल्या, पांढऱ्या फरशा बसवल्या. मला हे नंतर कळलं. पत्र येऊ द्यायला हवं होतं, असं मी चाचरत म्हटलं, तर ते हसले.

"तू हायेस ना. तुयापाशी कागद मागू काय मी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं की मागा काका, मी कंपनी नाही, कंपनीचा नोकर आहे. नाही सांगितलं. त्यांच्या विश्वासानं मला बरं वाटत होतं, आणि आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

पाहणीला मुंबईहून मोठे साहेब आले. आपल्या शब्दावर किती माणसं येतात ते दिसावं म्हणून काकांनी जुनी गिऱ्हाइकं बोलावली होती. थेट जिल्ह्याच्या टोकाच्या गिरडपासून लोक आले, परीटघडीचे पांढरे कपडे घालून. फरशी बघून सगळ्यांनी आपणहून चपला दाराबाहेर काढल्या. सोफे पाहुण्यांसाठी सोडून मंडळी भिंतीकडेनं खाली मांडी घालून बसली, साखरपुड्याला बसतात तशी. त्यांतले दोघं तरी आमची गाडी उभ्या उभ्या घेऊ शकले असते. साहेबांनी चपलांच्या ढिगाचा फोटो काढला, मला बाजूला घेतलं आणि विचारलं, यातले कस्टमर कोण?

मी त्या दोघांकडे बोट दाखवायला हवं होतं. पण त्या क्षणी मी साहेबांच्या डोळ्यांनी बघत होतो, आणि मला माझ्याच माणसांची लाज वाटली. नंतर सांगतो म्हणालो. त्यांनी नंतर विचारलंच नाही.

पंधरा दिवसांनी वर्धा यादीतून वगळलं. तिथलं वातावरण ब्रँडला साजेसं नाही, नागपूरहून भागेल, असं ठरलं. निरोप मीच द्यायचा होता. तोवर ट्रॅक्टरची एजन्सी दुसऱ्याला मिळाली होती.

गेलो तेव्हा काका रिकाम्या शोरूममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सोफ्यांवर चादर घातलेली होती. मी बुटांसकट आत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. काकांनी फरशीकडे बघतच विचारलं,

"मी लोकायले बलावलं म्हणून झालं काय हे?"

मी नाही म्हणालो. ते खोटं होतं, आणि खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. काका उठले, त्यांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.

"तुया नोकरीले तं काई होनार नाई ना, बाबू?"

"नाई, काका."

खरंच काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात मला अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांचं काम दिलं. साहेबांनी सगळ्यात आधी हेच विचारलं, की तिकडे तुमच्या ओळखीचं कोण आहे.