लटकत्या चाकावरचे नट

शनिवारी सकाळी गॅरेजवाला खाजाभाई भिंगारच्या चौकात चहाला बसला आणि पहिल्याच घोटाला त्याला आठवलं. काल त्याने गाडीचे नट आवळले, तेव्हा चाकं अधांतरी लटकत होती.

गाडी म्हणजे गोरक्षनाथची दोन माणसांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार, बदली होऊन गेलेल्या एका लष्करी साहेबाकडून हौसेने घेतलेली. एकाहत्तर सालचे नगरचे रस्ते आणि तिचं जमिनीला टेकलेलं पोट यांचं काही जमेना, म्हणून खाजाभाईने तिची मागची बाजू उचलली. त्याने चाकं तिरपी झाली. मग चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारे आर्म त्याने कापले, मध्ये नळीचा तुकडा घालून लांब केले आणि असं वेल्डिंग मारलं की हात फिरवताना त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. पण आर्मच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे धक्के झेलणारी पुंगळी असते. त्याचा नट गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचा. लटकत्या चाकावर आवळला तर रबर पिळलेलं राहतं, पुढे कधीतरी फाटतं, आणि भर वळणावर मागचं चाक आपल्या मनाने चालू लागतं.

हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण काल गोरक्षनाथची आई लंकाबाई गॅरेजातल्या बाजेवर ठिय्या देऊन बसली होती. शनिवारी वाहनाला नवं लोखंड चढवायचं नाही, हा तिचा नेम. दिवेलागणीच्या आत संपव, असा तिने धोशा लावला आणि हा बाबा गडबडला. आज पहाटे मायलेक त्याच गाडीतून शिंगणापूरला गेले होते. वाटेत इमामपूरचा घाट.

चहा तसाच टाकून, पाने पिशवीत कोंबून त्याने यष्टी गाठली. घाटात प्रत्येक वळणाला तो खिडकीतून खाली डोकावत होता. काय हरवलं, असं शेजारच्याने विचारलं, तरी त्याची नजर दरीतून हटली नाही. घोडेगावला उतरून पुढे तो भाविकांच्या ट्रकमध्ये चढला.

शिंगणापुरात गाडी धड उभी दिसली आणि त्याला रडूच आलं. खाली वाकून त्याने बुश पाहिलं. पिळलं होतं, फाटलं नव्हतं. त्याने चूक सांगून टाकली. नट ढिले करून, गाडीवर वजन ठेवून पुन्हा आवळायला हवेत, आत्ताच. गोरक्षनाथ आईच्या तोंडाकडे बघू लागला. शनिवार, आणि तोही शनीच्या दारात.

लंकाबाई स्वतःच गाडीत जाऊन बसली.

"नवं तर काय चढत न्हाई. हाय तेच बशीवतोय तू. वजन पायजे ना? मग ह्ये घे वजन."

खाजाभाई गाडीखाली शिरला. एकेक नट आवळून झाला तरी त्याचं मन काही ठिकाणावर येईना. बाहेर येऊन तो म्हणाला, "मावशी, तुमी यष्टीनं या. घाटातनं गाडीत मी बसतो."

"घाई माझी हुती, खाजा. बसनार बी मीच."

गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. यष्टी वेळेवर येईल तर ती यष्टी कसली. परतताना घाटात तो पुन्हा प्रत्येक वळणाला खाली बघत राहिला.

दुपार कलताना तो भिंगारला पोचला. गॅरेजातल्या बाजेवर लंकाबाई बसली होती, रस्त्याकडे डोळे लावून.

"किती येळ रं," ती म्हणाली. "यष्टीला काय झालं का काय, जिवाला नुसता घोर लागला हुता."