आईच्या फोटोमागचा काटा

बॉनेटवर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “गार हाय!” इंजिनाचं तापमान मोजायची ही आमच्या घरमालकांची, म्हणजे शेठची, पद्धत.

शिरवण्यात मी त्यांचा भाडेकरू होतो आणि तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरचे मीटर तपासायचो. शेठना हे कळलं आणि माझे रविवार संपले. जमीन सरकारकडे गेल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी हौसेनं जुनी, दोन सीटची परदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. घाटावरच्या एका बंद धावपट्टीवर हौशी लोक गाड्या पळवायला जमत, तिथे ते मला बाजूला बसवून नेत. या इंजिनाचे भाग मुंबईतही मिळत नाहीत, एकदा जळलं की गाडी कायमची कोंबड्यांना बसायला, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

गाडीचा तापमानाचा मूळ मीटर बंदच होता. मी नवा आणला, त्यांच्याच स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात तपासला आणि स्टेअरिंगसमोर बसवला. पुढच्या रविवारी पाहतो तर अर्ध्या मीटरवर एकवीरा आईचा फोटो चिकटवलेला! नेमकी धोक्याची लाल खूण झाकलेली.

“शेठ, फोटो जरा वर लावा ना.”

“तुज्या काट्यासाठी आईला उठवू? येडा हायस काय?”



त्या दिवशी धावपट्टीवर काटा सरकत सरकत फोटोमागे गेला.

“शेठ, थांबवा! काटा दिसत नाही!”

“आईकडं गेलाय. आता कसली भीती?”

परतीच्या वळणावर बॉनेटखालून वाफेचा लोट आला. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. पुढे कित्येक दिवस शेठ माझ्याशी बोलले नाहीत, जणू इंजिन मीच तापवलं होतं.

मेकॅनिकनं खटपट करून इंजिन कसंबसं उभं केलं. पण पुन्हा धावपट्टीवर जायच्या आधीच शेठ झोपेत गेले.

दिवसकार्य झाल्यावर शेठच्या बायकोनं, काकूंनी, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. “भाऊ, जरा चालू करून बग. त्यांचा जीव व्हता तिच्यात.”

पहिल्यांदाच मी स्टेअरिंगमागे बसलो. फोटो वर, आरशाखाली लावलेला होता. मीटरच्या काचेवर खरवडलेल्या गोंदाचे डाग होते, पण लाल खूण स्वच्छ दिसत होती. आणि या माणसानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं! असा राग आला, आणि रडूही.

इंजिन चालू केलं. काटा सावकाश चढला आणि मधोमध, हवा तिथेच थांबला.

“शेठ, बघा,” मी बसायचो त्या रिकाम्या सीटला मी म्हणालो.