साठावी टाचणी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, ते शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दुकानात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे, आणि नवं गिऱ्हाईक हमखास त्यापाशी थांबतं, कारण त्यात कापडाचा एकही तागा नाही. त्यात आगगाड्या आहेत. वीतभर लांबीची इंजिनं, बोटभर उंचीचे डबे, सगळं जुनं आणि सगळं जगातून वेचून आणलेलं.

माणूस स्वभावाने घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारा. गाड्यांचा लिलाव हल्ली फोनवर चालतो. तिथे बोली लावायला छाती लागते, ती त्यांच्याकडे नाही, म्हणून बटण मी दाबते. ते मागे उभे राहून माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरतात.

पण बोली जिंकली की खरा घोर सुरू होतो. वस्तू येईपर्यंत धड राहील का? एका गृहस्थांनी इंजिन त्याच्या मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तसंच पाठवलं होतं. ते आत आपटत आपटत आलं आणि दोन्ही टोकं फाडून बाहेर डोकावत होतं. दुसऱ्या एकाने फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळलं. पार्सल उन्हात तापलं आणि रंगावर गोल गोल व्रण उठले. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी आपली पद्धत काढली. इंजिनाची मापं मागवायची, अंगाला कोट शिवावा तशी त्या मापाची गादीदार पिशवी शिवायची, आणि विकणाऱ्याला ती आधी पाठवून द्यायची. सोबत सूचनांचा कागद: चाकांवर भार नको, खोक्यात खोका ठेवा, मध्ये चार बोटं भरण हवं, हलवून आवाज आला तर पुन्हा उघडा. लोक हसतात. मीही हसायचे.

गेल्या महिन्यात लिलावाच्या यादीत एक हिरवं इंजिन आलं. खाली दोष लिहिला होता, मागचा हूक मूळचा नाही. मास्तरांनी फोटो मोठा करून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. तो हूक कोटाच्या कॉलरचा होता. माझ्या सासऱ्यांनी स्वतः बसवलेला.

आता हे सांगायलाच हवं. सासरेही शिंपी. ते गेले तेव्हा शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला. मशीन आमच्याकडे आलं. त्या रागात मोठ्या दिरांनी लहानपणीच्या गाडीचं इंजिन उचललं, आणि मास्तरांनी तेवढ्याच रागात चार डबे. पुढे बावीस वर्षं त्यांच्याकडे डब्यांशिवाय इंजिन आणि आमच्याकडे इंजिनाशिवाय डबे. हलायचं कोणी? दोन्ही घरं हटून बसलेली.

सव्वा वर्षापूर्वी मोठे दीर गेले. आम्हाला ते चार दिवसांनी कळलं, तेही एका गिऱ्हाइकाच्या तोंडून. मास्तर कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आपल्याला कोणी कळवलंय का? मग आपण कशाला जायचं?" ते गेले नाहीत. फोनही केला नाही. हे मी इथेच कबूल करते, नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड उरणार नाही.

लिलाव दुपारी चार वाजता संपणार होता. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी दोनदा बोली वाढवली. खुर्ची मागून इतकी हलत होती की माझं बोट भलत्याच बटणावर पडायचं. चार वाजले आणि इंजिन आमचं झालं. मग विकणाऱ्याचा पत्ता उघडला. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता. दुसरा कुणाचा असणार म्हणा, पण पत्ता वाचून दोघांनाही घाम फुटला.

"वहिनींना आपलं नाव दिसलं असेल?" मास्तरांनी विचारलं.

"जिंकल्यावर दिसतंच."

"त्या पाठवतील?"

"नियम आहे. आठ दिवसांत पाठवावं लागतं."

"आणि रागाने कसंही बांधलं तर?"

"मग जाऊन घेऊन या की. पाच तासांचा रस्ता आहे."

 मास्तर फळीवरून जाड मऊ कापड काढून पिशवी बेतायला बसले.

एरवी अर्ध्या दिवसात होणाऱ्या पिशवीला तीन दिवस लागले. शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. एका सायंकाळी मी चहा घेऊन गेले तर ते पिशवीत हात घालून नुसते बसले होते. पिशवी रवाना झाली, सोबत तोच सूचनांचा कागद. चिठ्ठी एका ओळीचीही नाही. मी सुचवलं होतं, पण काय लिहायचं ते दोघांनाही सुचलं नाही. सोमवारी ती पोचल्याचं कळलं. बुधवारी सकाळी निरोप आला की कुरिअरवाला उद्या दहाला इंजिन उचलणार.

बुधवारी संध्याकाळी एक गिऱ्हाईक कोटाचं माप बघायला आलं होतं. ते गेल्यावर मास्तर टाचण्या मोजायला लागले. टाचण्या खोचायच्या त्यांच्या छोट्या उशीला साठ टाचण्या असतात आणि रोज संध्याकाळी त्या मोजायच्या, हा सासऱ्यांनी घालून दिलेला दंडक. गिऱ्हाइकाच्या मानेत टाचणी टोचली की दुकानाची अब्रू गेली. तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता, पण पिशवी शिवायला घेतल्यापासून त्यांनी एकदाही मोजल्या नव्हत्या.

एकोणसाठ भरल्या. पुन्हा मोजल्या, एकोणसाठच. मग लोहचुंबक घेऊन दोघं जमिनीवर रांगलो. मशीनखाली, पायपुसण्यात, कोटाच्या बाह्यांत शोधलं. दोन सुया आणि एक बटण मिळालं, टाचणी नाही. मास्तर जमिनीवरच बसून राहिले.

"पिशवीत आहे," ते म्हणाले. "अस्तराच्या आत."

पाच तासांचा रस्ता, गाडीचे हादरे आणि रंगाला टेकलेलं टोक. जो माणूस जगभरच्या लोकांना बांधायचं कसं ते शिकवतो, त्याने स्वतःच्या बापाच्या इंजिनाला टाचणी लावून ठेवली होती. 

"लिलाववाल्यांकडून निरोप पाठवू?" मी विचारलं.

"त्यांचं उत्तर दोन दिवसांनी येतं. कुरिअर उद्या दहाला."

बावीस वर्षांत ते त्या घरी एकदाही बोलले नव्हते, पण नंबर शोधावा लागला नाही. बोटांना पाठ होता. मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पाचव्या घंटेला तो उचलला गेला.

"वहिनी, मी बोलतोय," मास्तर म्हणाले.  मग ते एका दमात बोलून गेले, "पिशवीत टाचणी राहिलीय, अस्तरात आहे, इंजिन आत घातलं असेल तर ओढून काढू नका, शिवण उसवा आणि मग काढा."

"सापडली," जाऊबाई म्हणाल्या. "सोमवारीच. माझ्या बोटात गेली."

"आणि रंग?"

मी कपाळाला हात लावला. हा माणूस खरंच असं बोलला.

"रंगाला काही झालेलं नाही." जाऊबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "टाचणी राहिली म्हणून फोन केलात, भाऊजी. तुमचे दादा गेले तेव्हा नाही केलात."

 मला राहवेना. मी फोनवर वाकून म्हटलं, "वहिनी, त्यांना मी अडवलं होतं. मीच म्हटलं, जाऊ नका. चूक माझी आहे."

"तुझीही असेल," त्या म्हणाल्या. "पण पाय तर त्यांचेच होते ना?"

 मग त्याच पुढे बोलल्या. "मी हे इंजिन कुरिअरला देणार नाही. तुमचा नियम काय असेल तो असो. शेवटचे दोन महिने ते यांच्या उशाशी होतं. हवं असेल तर हाताने न्यायला या."

फोन बंद झाला. मास्तर रडत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मला माझीच लाज वाटली, एवढी की त्यांच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी उठून दुकानाचे दिवे बंद केले, गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली आणि दारात घुटमळले.

"तिथे जाऊन बोलू काय मी?" त्यांनी विचारलं.

"आधी त्यांचं बोट कसं आहे ते विचारा," मी म्हटलं.