पाणाड्याचा नारळ

आमच्या गावचा पाणाड्या लई हळू बोलायचा, हाक मारली तरी कुजबुजल्यागत. तळहातावर नारळ आडवा घेऊन रान चालायचा; खाली पाणी असलं की नारळ उभा राहायचा. त्याचा शब्द कधी खोटा पडला न्हाय.

त्या दुष्काळात सोसायटीनं बोअरची गाडी राखीव जंगलात आणली. हरणांच्या झऱ्यापाशी नारळ ताठ उभा राहिला, म्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं अंगठ्यानं तो आडवा पाडला अन् म्हणाला, "इथं बोअरला पाणी लागणार न्हाय."

म्या त्याला बाजूला घेतलं. घरी रांजण कोरडा! "अवो भाऊ, खोटं बोलता?"

"अक्का, बोअर पडला की झरा आटंल. आपल्याला येरमाळ्याहून टँकर तरी येतो. हरणांनी कुठं जायचं?"

तेवढ्यात सोसायटीचा चेअरमन आला. "अक्का, तुमी जवळ होता. नारळ हलला का?"

"न्हाय ओ."

कोण बोललं म्हणून म्या मागं वळून पाहिलं. बोलले मीच होते.